न भरणारा खड्डा

सन १९९२. वैशाख महिना, अक्षयतृतीया होऊन पाचवा दिवस. त्या सकाळी तांबडेवाडीच्या तात्यासाहेबांनी विहिरीला कुलूप ठोकलं!

विहीर त्यांच्याच परड्यात होती, पण गवंडी आळी तीन पिढ्या तिच्यावर पाणी भरत आली होती. यंदा विहीर तळाला गेली आणि पाण्याला वास येऊ लागला. तात्यासाहेबांनी निवाडा देऊन टाकला.

"तुमच्या संडासांची घाण माझ्या विहिरीत उतरते! आळीतले सातही शोषखड्डे बुजवा, मग कुलूप निघेल. तोवर नदी आहे!"

नदी दीड कोसावर. आळीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन उन्हातून निघाल्या.

सातही खड्डे म्हाताऱ्या यमाजी गवंड्याने बांधलेले. यमाजी चौथी नापास. पण आपल्यासारखा कारागीर पंचक्रोशीत नाही, असं तो सगळ्यांना सांगे. दुसरं कोणी सांगत नसे, म्हणून त्यालाच सांगावं लागे. खड्डे बुजवायचे म्हटल्यावर तो तडक तात्यासाहेबांच्या बंगल्यावर गेला. सोबत नात शेवंता. ती शहरात इंजिनिअरिंगला होती, दुसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन सुट्टीला आली होती.

"तात्यासाहेब, आळी उताराला, विहीर चढाला. घाण चढ चढेल कशी?"

"मला शिकवतोस? मग दाखव, घाण कुणाची ते! पण कुठं कुदळ लावायची नाही आणि एकही खड्डा उघडायचा नाही!"

शेवंता पुढे झाली.

"मी दाखवते."

"तू? काय शिकतेस गं तिकडे?"

"सिव्हिल. घाण कुठून येते नि कुठं जाते, तेही शिकवतात."

"त्याला किती वर्षं लागतात?"

"चार. मला पाच लागतील. दोन विषय राहिलेत."

बंगल्याचा ओटा हसला. यमाजीला वाटलं, आपल्याच एखाद्या खड्ड्यात उडी घ्यावी.

"आणि घाण तुमची निघाली तर?" शेवंताने विचारलं.

"माझी?" तात्यासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. "मग जितके दिवस तुम्ही नदीचं पाणी वाहाल, तितके दिवस मी स्वतः तुमच्या दारात हंडे ओतीन!"

"ठरलं. आता तुमच्या कोठीतलं खडेमीठ द्या. दोन पोती."

वाटेत यमाजी करवादला, "दोन वर्षं शिकून मीठ मागितलंस? लोणचं घालायचंय?"

"आजा, मातीला घाण थोडीफार गाळता येते. मीठ गाळता येत नाही. ज्या खड्ड्यातून विहिरीला वाट असेल, त्या खड्ड्यातलं मीठ विहिरीत लागेल."

त्याच दिवशी तिने एक पोतं पाण्यात विरघळवून सातही संडासांत ओतलं. एक दिवस गेला. चार गेले. आठ गेले. विहिरीचं पाणी काही खारट होईना. आठव्या दिवशी तात्यासाहेब ओट्यावरून गरजले, "मीठ मातीतून जातच नाही! हा सगळा पुस्तकी पोरखेळ!"

"जात नाही ना?" शेवंता म्हणाली. "मग दुसरं पोतं तुमच्या संडासात ओतलं तर काय बिघडणार?"

यमाजीला राहवेना.

"तिकडे ओतून काय उपयोग, पोरी? तो खड्डा माझ्या हातचा! विहिरीपासून बारा हातांवर. आळीतले दर दोन वर्षांनी उपसावे लागतात. हा नऊ वर्षांत एकदाही भरला नाही!"

"आजा, भरत नाही, तर जातं कुठं?"

नऊ वर्षं लग्नात, जत्रेत, बाजारात यमाजी ही बढाई मारत आला होता, आणि एवढं साधं कुणी विचारलं नव्हतं. त्याने स्वतःलाही नाही. लांब चालायला नको म्हणून तात्यासाहेब म्हणाले होते, "इथंच बांध!" यमाजी म्हणाला होता, "जी!"

तात्यासाहेबांनी बारा हात डोळ्यांनी मोजले. पण माघार घेतील तर ते तात्यासाहेब कसले!

"ओत पोतं!"

तिसऱ्या दिवशी सकाळी आळी बंगल्यापुढे जमली. तात्यासाहेबांनी चहाचा पहिला घोट घेतला.

"थूः! चहात मीठ कुणी घातलं?"

"तुम्ही, तात्यासाहेब!" शेवंता म्हणाली. "पोतं तुमचं, संडास तुमचा, विहीरही तुमचीच!"

"पण मी फिल्टरचं पाणी पितो!"

"फिल्टर घाण अडवतो. मिठाच्या विषयात तो नापास. आमच्याच घराण्यातला म्हणायचा!"

तात्यासाहेबांनी कपाकडे पाहिलं, विहिरीकडे पाहिलं, संडासाकडे पाहिलं. आणि असे हसले, की उरलेला चहा धोतरावर सांडला.

"यमाजी, असला खड्डा बांधायला शिकलास तरी किती रे?"

"चौथी नापास, तात्यासाहेब."

"आणि 'इथंच बांध' म्हणणारा मी मॅट्रिक पास!"

हसता हसता त्यांनी कुलूप काढलं आणि किल्ली शेवंताच्या हातावर ठेवली.

"ही आजपासून आळीकडे. नव्या खड्ड्याची जागा तू आखायची. यमाजीने फक्त बांधायचा, आणि तोंड बंद ठेवून!"

खाली उताराला, विहिरीपासून लांब, नवा खड्डा झाला. जुना बुजवला. विहीर दोनदा उपसली. तोवर तात्यासाहेब रोज ट्रॅक्टरवरून नदीचं पाणी आणत आणि दारोदार स्वतःच्या हातांनी हंडे ओतत.

आळीने अकरा दिवस नदीचं पाणी वाहिलं होतं; अकराव्या दिवशी शेवटचा हंडा यमाजीच्या दारात रिता झाला. यमाजीने ओंजळभर पिऊन पाहिलं.

"गोडं आहे."

देणं फिटलं.