रोज किती फोटो?

एका तालुक्याच्या गावी एका इस्पितळात श्रीरंग डबीर नावाचा संगणकवाला होता. माणूस हुशार, पण खुर्ची सोडायचा भारी कंटाळा. एक्स-रे, सीटी स्कॅन सगळं आता संगणकात साठवायचं ठरलं, तेव्हा जागा किती लागेल याचा अंदाज इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी त्यालाच काढायला सांगितला.

त्यानं बसल्या जागेवरून टेक्निशियन रझियाताईंना फोन लावला.

"ताई, रोज किती फोटो काढता हो?"

"पन्नासेक."

झालं! आता आपल्याकडे एक्स-रे असो की स्कॅन, सगळ्याला फोटोच म्हणतात. पण स्कॅनच्या एका 'फोटो'त शेकडो चित्रं असतात. स्कॅनच्या खोलीत नुसतं डोकावला असता, तरी पडद्यावर दिसलं असतं. पण उठतो कोण? त्यानं पन्नास फोटो म्हणजे पन्नास चित्रं धरली, तेवढीच जागा घ्यायला लावली आणि आपल्या खोलीच्या दारावर ऐटीत पाटी लावली, 'तुमचे फोटो आमच्याकडे सुरक्षित.'

बघता बघता जागा भरली. "साहेब, माझा अंदाज चुकला," एवढंच तर श्रीरंगनं बोलायचं होतं! पण ते काही तोंडातून निघेना. जुनं कोण बघतंय, असं म्हणत त्यानं जुने फोटो गुपचूप पुसून टाकले.

पुढं कौसाबाई नावाच्या पेशंटच्या छातीत स्कॅनवर डाग दिसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमचा मागचा स्कॅन इथलाच आहे. डाग तेव्हाही एवढाच असेल, तर काळजी नाही." शोधशोध शोधलं. स्कॅन कुठला सापडतोय!

मग तपासणीसाठी सुई घालून डागाचा तुकडा काढावा लागला. निकाल येईपर्यंत बाईंना अन्न गोड लागेना. अखेर डाग साधाच निघाला. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला.

जाताना कौसाबाई श्रीरंगपाशी थांबल्या. "दादा, मी फोटो घरी नेणार होते. तुमची पाटी वाचली, म्हणून इथं ठेवला हो."

श्रीरंगला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला, पाटी काढली आणि ती हातात घेऊनच साहेबांच्या खोलीत गेला.

तात्पर्य: अंदाज बांधण्याआधी उठून बघावं, आणि तो चुकलाच, तर आपली चूक सांगावी, दुसऱ्याची ठेव पुसू नये.