शिवणीतली माया

"येत्या पावसाळ्यात नदीला पाणी किती येईल, बोटाच्या मापात सांगा! नाहीतर पाटाचं सगळं पाणी माझ्या कारंज्यांना!"

अजितसेन राजाच्या या सवालावर वाघझरीचा पाटकरी हैबती म्हणाला, "ते पाऊस पडल्यावरच कळेल, महाराज!" गावाच्या शेतांना पाळीपाळीनं पाणी सोडणारा साधा माणूस तो! राजानं त्याला कोठडीत टाकलं.

मग त्याची बायको सारजा तान्ह्याला कडेवर घेऊन राजवाड्याकडे निघाली. वाटभर डोक्यात नाना प्रश्न. चूल विझवली ना? बाळाची टोपी कुठं पडली? आणि राजाला सांगायचं तरी काय? टोपी सापडली, उत्तर काही सापडेना.

दरबारात राजज्योतिषी शाल सावरत म्हणाले, "यंदा पाऊस सोळा आणे!"

"मागच्या वर्षीही सोळाच म्हणाला होतात, गुरुजी," सारजा म्हणाली. "आम्ही मोजले तर चारच भरले!"

तेव्हा ज्योतिष्यांच्या शब्दावर राजानं गावाला शेतीच्या चारही फडांत, म्हणजे चारही भागांत, ऊस लावायला लावला होता. माघात नदी आटली, उसाचं सरपण झालं. ज्योतिष्यांना शाल मिळाली, गावाला दम!

"गप्प!" राजा गरजला. "नवऱ्याच्या जागी आता तूच उत्तर दे!"

एवढ्यात छोटे युवराज दुडुदुडु धावत आले. त्यांच्या अंगरख्याच्या खालच्या दुमडीवर सारजाची नजर गेली. अशीच दुमड तिनं बाळाच्या अंगड्याला घातली होती.

"महाराज, पुढच्या दिवाळीला युवराजांना अंगरखा केवढा लागेल? बोटाच्या मापात सांगा!"

"वेडी आहेस का? वाढतं पोर ते! परवाच्या वर्षी वीतभर वाढलं, गेल्या वर्षी जेमतेम दोन बोटं!"

"मग शिंप्याला कोठडीत टाकलंत?"

"कशाला? शहाणा आहे तो. शिवणीत माया सोडतो. पोर वाढेल तशी उसवायची!"

"माझ्या धन्यानं दुसरं काय केलं, महाराज? आमची जमीन चार फडांत. दसऱ्याला सगळा गाव बंधाऱ्यावर जायचा. पाणी भरपूर दिसलं तर चारही फड भिजवायचे. कमी दिसलं तर दोनच, बाकीच्यांत नुसत्या ओलीवर हरभरा. आणि प्रत्येकाचा तुकडा प्रत्येक फडात, म्हणून उपाशी कुणीच नाही! ही आमच्या जमिनीची माया. आपल्या हुकमानं ती कापून टाकली!"

राजानं मिशीला पीळ दिला. "बरं! नवा हुकूम दगडात कोरतो. दरसाल किती फड भिजवायचे, सांग!"

"सगळं कोरा, महाराज, फक्त आकड्याची जागा मोकळी ठेवा. दसऱ्याला नदी बघून आम्ही चुन्यानं लिहू. पुढच्या वर्षी पुसायला बरं!"

राजा असा हसला की मुकुट कानावर आला! "सोडा रे त्या पाटकऱ्याला! पाटही त्याच्याच हाती. आणि गुरुजी, ती शाल काढा. बाळाला द्या!"

बाळ शालीत पार बुडालं. राजशिंपी कात्री घेऊन पुढं आला, "बाई, कापून बेताची करून देऊ?"

"खबरदार!" सारजा म्हणाली. "वाढतं पोर आहे!"