गजेंद्ररावांची चार हात मरळ

"उद्या सूर्य मावळायच्या आत ती मरळ माझ्या गळाला लागली नाही, तर या तळ्यातली वेल न् वेल उपटून टाका!"

राजा गजेंद्रराव गरजला आणि सुभाना भोयाच्या तोंडचं पाणीच पळालं. पळणार नाही तर काय! तळं एवढंसं, वरून सगळं हिरवंगार झाकलेलं. राजाला ते नुसतं गवत वाटत होतं. पण त्या शिंगाड्याच्या वेली होत्या हो! शिंगाडे टपोरे भरले होते, दिवाळी झाली की तोडायचे. सुभानाच्या घरचं वर्षाचं मीठमिरची त्यांच्यावरच चालायचं.

"महाराज, जाळं टाकून मीच काढून देतो की मरळ," सुभाना हात जोडून म्हणाला.

"खबरदार! मी माझ्या हाताने धरणार, असं मेहुण्याला सांगून बसलोय. दुसऱ्या कुणी तिला हात लावला, तर तो हात जागेवर राहायचा नाही!"

आता घ्या! मासा धरायचा राजाने आणि नाही सापडला तर बुडायचं सुभानाने. मोठ्यांचा न्याय हा असा!

बरं, राजाचं मासे धरणं तरी कसं! पुढे तुतारी, मागे छत्र, मध्ये चोपदार ओरडतोय, "आस्ते कदम! गजेंद्रराव महाराज येत आहेत होऽ!" राजाने गळ टाकला की दरबारी म्हणणार, "वाहवा!" गळ वेलींत अडकला तरी वाहवा, गुंता ओढून काढला तरी वाहवा! एकदा गळ मागे गेला आणि दिवाणजींची पगडी घेऊन तळ्यात पडला. तेव्हाही पहिली वाहवा दिवाणजींचीच! त्यात राजाच्या तोंडाची टकळी अखंड चालू. "आली, आली! अरे, गेली!" एवढ्या गोंगाटात मरळ वर कशाला येते? पण राजाला गप्प बसा म्हणायची छाती कुणाची?

सुभानाची लेक मथी काठावर दोणी, म्हणजे त्यांची लहानशी होडी, धूत होती. ती पदर खोचून पुढे आली.

"मुजरा, महाराज! मरळ तुम्हालाच मिळेल. पण तिच्यावर रागावू नका. फार आदबशीर आहे ती."

"आदबशीर? मासा?"

"तर! चोपदारबाबांनी तुमचं नाव पुकारलं, की मान खाली घालून थेट तळाशी जाते. तुमच्यासमोर डोकं वर काढायची तिची काय बिशाद! महाराज आलेत हे तिला कळलंच नाही, तरच वर येईल."

राजाने मिशीवरून हात फिरवला. "म्हणजे माझा दरारा पाण्याखालीही आहे म्हण की!"

"आहे ना! सगळी अडचण तिथेच आहे."

दुसऱ्या दिवशी सगळा लवाजमा टेकडीमागे थांबला आणि राजा एकटाच आला. अनवाणी, खांद्यावर सुभानाचं घोंगडं! दोणीच्या वाटेवर वेलींत जरा उघडं पाणी होतं, मथीने त्याला तिथे काठावर बसवलं. गळ पाण्यात पडतो न पडतो, तोच राजाची टकळी सुरू झाली. "कुठे आहे गं ती? इकडे का तिक..."

मथीने लगेच तांब्या पुढे केला. "आमच्या भोयांची रीत आहे, महाराज. मासा लागेपर्यंत तोंडात पाण्याची चूळ धरायची. गिळायची नाही, टाकायची नाही."

सुभाना लेकीकडे बघतच राहिला. ही रीत तो आजच ऐकत होता!

राजा गाल फुगवून बसला. नाकावर डास बसला, डोळे गरगर फिरले, पण बोलणार कसा? तळं कसं शांत झालं. ऊन कलायला लागलं तसा सुभाना देवाचं नाव घेऊ लागला. आणि एकदम पानं हलली, दोरीला असा हिसका बसला की राजा गुडघाभर पाण्यात धप्पकन बसला! तोंडातली चूळ उडाली ती सुभानाच्या तोंडावर. पण पठ्ठ्याने दोरी सोडली नाही.

"आलीऽऽ!"

काळीशार मरळ काठावर फडफडायला लागली. टेकडीमागून दरबारी धावत आले. मासा होता हातभर. राजाने दोन्ही हात फाकवले, "बघा, एवढी! मेहुण्याला सांगतो, चार हात होती!"

"वाहवा!"

"मग आमच्या वेली राहिल्या ना, महाराज?" मथीने विचारलं.

"छट्! माझा गळ किती वेळा अडकवला त्यांनी! मरळ मिळाली तर वेली ठेवीन, असं म्हणालो होतो का मी? उपटा!"

मथीला राग असा आला, की तांब्या घालावा याच्या टाळक्यात! पण ती गोड हसली.

"खुशाल उपटा, महाराज. तुमचे मेहुणे तळं बघायला येतील ना?"

"येतील म्हणजे? मीच आणणार ओढून!"

"मग झालं! वेली गेल्या की पाणी नितळ. गुडघाभर तळं, तळाचे गोटेसुद्धा दिसतील. मेहुणे विचारतील, दाजी, चार हात मरळ इथे मावत होती कुठे?"

दरबारी वाहवा म्हणायचंही विसरले. राजाने मरळीकडे पाहिलं, तळ्याकडे पाहिलं, अजून फाकवलेल्या आपल्या हातांकडे पाहिलं. आणि असा खदखदून हसला, की डोळ्यांतून पाणी आलं!

"दिवाणजी! इथल्या एका पानाला कुणी हात लावला, तर गाठ माझ्याशी आहे! हे तळं आजपासून मथीच्या घरचं, पिढ्यान्‌पिढ्या!" त्याने हातातलं सोन्याचं कडं काढून मथीला दिलं आणि हळूच वाकून विचारलं, "पण पोरी, मेहुण्याने तुलाच विचारलं, मरळ केवढी होती, तर?"

"वेली आहेत तोवर तुम्ही म्हणाल तेवढी, महाराज!"