बाजाराच्या दिवशीची किल्ली

देवडीतल्या घड्याळाला रोज उजाडताना किल्ली द्यायची, आणि किल्ली देणाऱ्या लेकीने गावाची वेस ओलांडायची नाही. का, असे विचारायचे नाही. कोळंबगडच्या शितोळ्यांच्या घरात हा नियम चार पिढ्या चालला, असे सांगतात.

ते घड्याळ अजून आहे. त्याची किल्ली उघड्या खुंटीवर असते, आणि बाजाराच्या दिवशी जो आधी येईल तो ती फिरवतो. पाहुणे विचारतात, हे असे कसे? मग पारावरचे जाणते सांगू लागतात.

घड्याळ स्वित्झर्लंडच्या व्हेर्नां घराण्याचे. संस्थानच्या राजाने हौसेने मागवले आणि वाड्याच्या दारावरच्या देवडीत बसवले. पुढे राजा आजारी पडला, त्या गडबडीत किल्ली द्यायची राहिली, आणि ज्या पहाटे घड्याळ थांबले त्याच पहाटे राजा गेला. घड्याळानेच राजाला नेले, असे लोकांना वाटले. देवडीचा राखणदार भागोजी शितोळे याने घड्याळावर हात ठेवून बोल दिला, ‘माझ्या घरची एक लेक याला रोज किल्ली देईल.’ लेकीला मात्र कुणी विचारले नाही.

तेव्हापासून एकीनंतर एक लेक देवडीत बसली. लग्न नाही, जत्रा नाही, माहेरपणही नाही, कारण सासरच नाही. भागीरथीआत्याचे केस तिथेच पिकले. तिचे हात कापू लागले तेव्हा किल्ली तिची भाची द्वारका हिच्या हाती आली. द्वारकेला मिरजेला परिचारिकेचे शिकायचे होते. बोलावणेही आले होते.

“घट्ट लागली की सोड हं,” आत्या म्हणाली. “दोनचार फेऱ्यांत अडते. देवाला तेवढीच सेवा हवी असते.”

द्वारका रोज त्या दोनचार फेऱ्या देई. वेशीपलीकडचा रस्ता देवडीच्या झरोक्यातून दिसे, आणि झरोक्यातून तिचे डोकेही बाहेर निघत नसे.

दसऱ्याला चुलत आजोबा दाजीबा पाहुण्यांना घड्याळाची कीर्ती सांगत. व्हेर्नां म्हणे बर्फाच्या दरीतला शेतकरी. हिवाळाभर दारे बर्फाने बंद, म्हणून खिडकीशी बसून घड्याळे करी. त्याचे मोठे घड्याळ रोज किल्ली मागे, आणि त्या कामाला जुंपलेल्या लेकीला दरीबाहेर जाता येईना. बापाचे काळीज तुटले. त्याने आत दुहेरी स्प्रिंग बसवली. एकदा किल्ली दिली की घड्याळ आठ दिवस चाले. पुढे मुलाने खिशातल्या घड्याळाची सुटी किल्लीच काढून टाकली, माथ्यावरची मूठ फिरवली की झाले. नातवाने धूळ आणि दमट हवा आत शिरणार नाही अशी डबी केली.

“आणि आपलं घड्याळ थोरल्या व्हेर्नांच्या हातचं! तेच दुहेरी स्प्रिंगचं!” दाजीबा मिशीवर हात फिरवीत म्हणाले.

सगळ्यांनी माना डोलावल्या. दरवर्षी डोलावत.

“दाजीबा,” द्वारका म्हणाली, “मग आपण रोज किल्ली का देतो?”

“लेकी, देवडीत बसणारीनं विचारायचं नसतं.”

दुसऱ्या दिवशी उजाडले तेव्हा द्वारका किल्ली धरून नुसती बसली. पहिला दिवस तिला जेवण गेले नाही, म्हणे. घड्याळ थांबले तर गाव तिला जिवंत सोडणार नव्हते. रात्रभर ती टिकटिक कानांनी धरून राहिली. घड्याळ चाललेच. तिसऱ्या दिवशी तिला हसू आले. मग तिने आत्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहिले, आणि तिला रडू फुटले.

बाजाराचा दिवस आला तेव्हा तिने पंचांना देवडीत बोलावले आणि किल्ली त्यांच्यासमोर ठेवली.

“दसऱ्यानंतर याला मी हात लावलेला नाही. ऐका, चालतंय.”

“बोल मोडलास!” दाजीबा ओरडले.

“बोल पणजोबांचा होता. आत्याचं आयुष्य कुणाचं होतं?”

कोपऱ्यात बसलेली आत्या पुढे आली. तिने घड्याळाची काच चाचपली. “एवढंच होतं होय गं?” ती म्हणाली.

“आता तरी किल्ली दे, पोरी,” दाजीबांचा आवाज उतरला. “तुझ्या हातानं दे. मग जा हवं तर.”

आजही पारावरचे जाणते इथवर रंगून सांगतात. पुढे द्वारका काय म्हणाली, ते पाहुण्यांना खोदून विचारावे लागते.

“नाही,” ती म्हणाली. “तुमच्यापैकी कुणीतरी द्या.”

किल्ली तिथेच ठेवून ती वेशीकडे निघाली, आणि तेव्हापासून बाजाराच्या दिवशी जो आधी येईल तो घड्याळाला किल्ली देतो.