जांभळ्या दिव्याखाली

“मग मला एकटीला कधी बसू देणार, मॅडम? म्हातारी झाल्यावर?”

रेवतीनं हे विचारलं ते हातमोजे ओढून काढता काढताच. कॅन्सरची विषारी औषधं तयार करायच्या या खोलीत ती पावसाळ्यात आली. दिवाळी सरली, तरी तुंगारे मॅडम अजून पाठीमागे उभ्याच.

खोलीला एक मोठी काच होती. इस्पितळातले लोक त्या काचेतूनच मॅडमना हात करत. मॅडम डबा एकट्या खात. लिफ्टमध्ये कुणाला आपला स्पर्श होऊ नये म्हणून कोपरा धरून उभ्या राहत. फार्मसीतल्या पोरी त्यांना ‘सोवळ्यातल्या बाई’ म्हणत.

असलं सोवळं रेवतीला नको होतं.

आज तिची परीक्षा. पास झाली तर उद्यापासून ती एकटी. कुपीत औषध नव्हतं, पाणी होतं. एरवी साधं दिसणारं, जांभळ्या दिव्याखाली चमकणारं. सुईनं ओढून ते तिनं सलाइनच्या पिशवीत भरलं होतं. झपाझप.

“एक थेंब तरी सांडला का? सांगा!”

“मला दिसला नाही.”

“मग?”

“औषधही दिसत नाही, बाळ.”

“झालं प्रवचन सुरू! तुमची एक पिशवी होईस्तोवर माझ्या चार होतात.”

मॅडमनी खोलीतला दिवा मालवला. जांभळा लावला.

रेवतीच्या बोटांची टोकं निळी पेटली. मोजे काढताना उघड्या बोटांनी तिनं त्यांची बाहेरची बाजू धरली होती. टेबलाची कडही निळी. तिनं काचेत पाहिलं. बट मागे सारली होती तिथं, कपाळावर निळा ओरखडा. ओठाच्या कोपऱ्यात एक ठिपका.

“हे... माझ्याबरोबर घरी आलं असतं?”

मॅडमनी होकारार्थी मान हलवली.

मग तिला मॅडमचा खांदा दिसला. पांढऱ्या कोटावर चार बोटं उमटली होती. जिंकल्याच्या भरात मघाशी तिनंच तिथं थोपटलं होतं.

रेवती ओला कपडा घेऊन धावली.

“थांबा, पुसते.”

मॅडम मान वळवून त्या बोटांकडे पाहत होत्या. पाहतच राहिल्या.

“मॅडम... मी नापास ना?”

“हो.”

“मग पुसू तरी द्या.”

“राहू दे गं थोडा वेळ... आज पाणीच आहे.”