पाल का चुकचुकली

माणसांनी टाकून दिलेल्या एका गोदामात फार पूर्वी उंदरांचा शेंगदाण्यांचा बाजार भरायचा. एका सकाळी भिंतीवरची पाल चुकचुकली. "पाल चुकचुकली, आता भाव पडणार," असं म्हणत उंदरांनी पावसाळ्यासाठी साठवलेले दाणेसुद्धा विकायला काढले. सगळेच विकायला निघाल्यावर भाव पडायचा तो पडलाच.

विदुषी घुशीनं लगेच आपलं संशोधन जाहीर केलं. "पालीला गिऱ्हाइकाचं मन कळतं. तिच्याकडे नीट पाहिलं तर उद्याचा भाव आज सांगता येतो." घुशीच्या शिकवणीला रांग लागली.

शेवटी पालच वैतागली. "अहो घूसबाई, तोंडाशी आलेला किडा निसटला म्हणून मी चुकचुकले. दाण्यातलं मला काय कळतंय?"

आता बाईंची अब्रू जाणार, असं पालीला वाटलं. घुशीनं मात्र शांतपणे मिशा पुसल्या.

"ऐकलंत? म्हणजे भाव किड्यावर ठरतो," ती म्हणाली.

उंदरांनी माना डोलावल्या. तेव्हापासून सगळा बाजार माना वर करून भिंतीवरचे किडे न्याहाळत बसतो, आणि खाली ठेवलेले दाणे घूस सावकाश आपल्या बिळात ओढून नेते.