आवडाईची तुळस

भाविकहो, त्या साली केवलगीर महाराजांचा मुक्काम देवझरी गावी होता. केशवराजाच्या देवळामागे चाफ्याचे झाड होते. त्याखाली महाराज बसत. कुणी आले तर बोलत, नाही तर गळणारी फुले पाहत राहत. महाराज आल्यापासून गावातली दुपार जरा लांबली आहे, असे बायका म्हणत.

देवळाचे अंगण झाडायला आवडाई होती. तिची एकुलती, पैंजण वाजवीत फिरणारी लहानगी लेक तापाने गेली होती. जाण्याआधी त्या पोरीने फुटक्या घागरीत माती भरून तीत तुळशीच्या मंजिऱ्या चुरल्या होत्या. लेक गेली आणि तुळस उगवली. रोज सकाळी तिची पाने आवडाई केशवराजाला वाही.

मार्गशीर्षात ती तुळस मलूल झाली. पाणी घातले, सावलीत ठेवली, तरी पाने पिवळी पडत चालली. एके दिवशी आवडाईने खोडाला हात लावला, तर ते पडायला आलेल्या दातासारखे हलले. तिने माती उकरली. आत पांढऱ्या, लठ्ठ, अंग मुडपून पडलेल्या अळ्या होत्या. हुमणीने मुळे खाल्ली होती.

उरलीसुरली पाने घेऊन ती देवळात गेली. सभामंडपात विसाजीपंत बसले होते. देवळाचा कारभार त्यांच्याकडे, आणि गावातली मोठी शेवंतीची बागही त्यांचीच.

"आवडे, असली पिवळी पाने देवाला?"

"मुळाला हुमणी लागलीय, पंत."

"माझ्या बागेत कशी लागत नाही? तुझ्या हातालाच यश नाही. लेक टिकली नाही, तुळस काय टिकणार!"

आवडाई पाने पदरात बांधून घरी परतली.

आवडाई घागर कडेवर घेऊन चाफ्याखाली आली. महाराजांनी घागर उन्हातल्या फरसबंदीवर हलकेच पालथी केली. तुळस बिनमुळाच्या काडीसारखी बाहेर आली. ती आपल्या अंगावरच्या वस्त्राच्या, छाटीच्या, ओल्या टोकात गुंडाळून महाराजांनी मांडीवर घेतली.

"आई, माती पसर. तिला ऊन लागू दे. आणि जरा बस," महाराज म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

आवडाईने ढेकळे फोडली. ऊन मऊ होते, वारा थांबला होता. तिचा डोळा लागला की नाही, हे तिला पुढे कधीच सांगता आले नाही. साळुंक्या उतरल्या आणि मातीवरून निवांत फिरत अळ्या टिपू लागल्या. त्यांच्यामधून कुणीतरी लहान पावलांनी चालत होते. पैंजण वाजत होते. एकही साळुंकी उडाली नाही.

तिने पाहिले तेव्हा माती चाळल्यासारखी स्वच्छ होती. महाराजांनी छाटी उलगडली. तुळशीला दोऱ्यासारखी पांढरी मुळे फुटली होती.

"निंबोळीची पेंड मिसळून घागर भर," महाराज म्हणाले. "पुन्हा अळी धरायची नाही."

ही गोष्ट पंतांच्या कानी गेली. "काडीला अशी मुळे फुटत नसतात," ते म्हणाले. पण थोड्याच दिवसांत त्यांच्या शेवंतीलाही हुमणी लागली आणि ती कुंड्यांतून माना टाकू लागली. गड्यांनी उकळते पाणी ओतले, तर झाडेच शिजली. फुले टोचतात म्हणून पाखरांवर गोफण चालवायला पंतांनी राखण्या ठेवला होता. त्यामुळे बागेत एकही पाखरू उतरत नव्हते.

शेवटी पंत चाफ्याखाली येऊन उभे राहिले. "महाराज, माझ्या बागेत पाखरे पाठवा."

"पाखरे मी पाठवीत नाही, पंत. आवडाई येते का विचारा."

आवडाई तिथेच झाडत होती. पंत तिच्याकडे वळले. "आवडाबाई, तुमच्या लेकीविषयी मी त्या दिवशी..."

तिने उरलेला केर कोपऱ्यात लोटला. मग केरसुणी ठेवून म्हणाली, "चला. पण आधी गोफणवाल्याला घरी धाडा."

बागेत कुंड्या पालथ्या झाल्या. धोतर खोचून पंत स्वतः मातीत बसले, ढेकळे फोडू लागले. दुपार कलता कलता एक साळुंकी त्यांच्या गुडघ्याशी उतरली. पंतांनी श्वास रोखला. तिच्यामागून आणखी आल्या आणि मातीवर हळूहळू पसरल्या.

महाराज कुंपणाशी उभे होते. पंतांनी जाऊन त्यांच्या पायांवर डोके ठेवले. मग वळून ते आवडाईपुढे वाकले.

आवडाईने डोक्यावर पदर ओढला. "पंत," ती म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या कुंडीत अजून अळी आहे."

पंत पुन्हा वाकले.